अंगठा बोटांच्याच बाजूला

सहा वर्षं ती कोंबड्यांकडे होती.
ओमुरकुलच्या अंगणात, चाकांशिवाय, विटांवर टेकलेली,
चालकाच्या सीटवर एक लाल कोंबडी अंडी उबवत,
जणू आता तीच जिल्ह्याची पशुवैद्य.

बाबांची उआझ. एक्क्याऐंशीची.
मी म्हटलं, दुरुस्त करूया.
ओमुरकुल हसला नाही. बॉनेट उघडून आत बघत राहिला,
सिगारेट कानामागे खोचली आणि म्हणाला,
"आधी पिल्लं तर निघू देत."

निघाली. अकरा.
मग आम्ही गंजाला हात घातला.

खरवडत गेलो तसे रंग निघाले एकाखाली एक :
वरचा पांढरा, सरकारी,
त्याखाली निळा. या निळ्यावर मी खिळ्यानं घोडा कोरला होता
आणि मार खाल्ला होता.
त्याच्याही खाली लष्करी हिरवा, जो कुणालाच आठवत नाही.
घोडा सापडला. तीन पायांचा.
सेझिम म्हणाली, आई, हा कुत्रा आहे.
तेवढा वीतभर पत्रा आम्ही रंगवला नाही.

कार्बुरेटर बिश्केकच्या बाजारातून.
तीन दुकानदार, तिघांच्याही तीन शपथा, अस्सल म्हणून.
डावी टाकी चाळण झालेली, ती काढली,
तिथे डेअरीतला स्टीलचा डबा, पाण्यासाठी.
शाळेनं टाकून दिलेला फळा कापून घडीचं टेबल केलं,
ओल्या फडक्यानं कितीही पुसा,
माझ्याच हातची नारिन नदी त्यावर अजून वाहते,
उगमापासून कोपऱ्यातल्या बिजागरीपर्यंत.
मागच्या सीटच्या जागी पॉप्लरच्या फळ्या.
ओमुरकुलनं माप घ्यायला मला गॅरेजच्या जमिनीवर झोपवलं
आणि टाचेशी खडूची रेघ मारली.
शेजारणी कुंपणावरून बघत होत्या.
बघू देत.

हँडल मात्र होतं तिथेच होतं, सीटमागे, दोन आकड्यांत अडकवलेलं.

ते एकदा उलटं फिरलं होतं, ऐन जानेवारीत,
मी जन्मले त्याच्या आदल्या वर्षी.
बाबांच्या उजव्या अंगठ्याचं पेर तेव्हापासून वाकडं.
त्याच अंगठ्यानं त्यांनी पुढे किती अडलेल्या मेंढ्या सोडवल्या
त्याचा हिशोब मेंढ्यांकडे.
मला शिकवताना मूठ वळूच द्यायचे नाहीत :
अंगठा बोटांच्याच बाजूला.
पकडायचं नाही, नुसतं ओढायचं.
तिला लाथ मारायची असेल तर मारू दे, हात सुटला पाहिजे.

गाडी माझ्या नावावर केली तेव्हा झटका येऊन गेला होता,
सही जमेना.
कारकुनानं शाईचा डबा पुढे सरकवला.
ठसा उमटला तिरका, एका बाजूला झुकलेला.
"आजोबा, नीट उठवा."
बाबा म्हणाले, "नीटच आहे."

जुलैत निघालो. मोल्दो-अशूचा घाट,
प्रत्येक वळणाला सेझिम मोठ्यानं आकडा म्हणायची,
एकविसाव्यानंतर चुकली, पुन्हा एकापासून.
सोंग-कुलला झाड नाही एकही,
नुसतं गवत आणि पाणी आणि दुसऱ्यांच्या घोड्या.
रात्री फळ्यांवर झोपलो दोघी.
खडूची रेघ पुरली मला,
सेझिमचे पाय मात्र बाहेर.
कधी वाढली ही?

पहाटे डब्यातल्या पाण्यावर बर्फाची साय
आणि बॅटरीनं सरळ अंगठा दाखवला.

मी हँडल काढलं.
"मी," सेझिम म्हणाली.
तेरा वर्षांची, हातात एकाच हातमोज्याची जोडी.
मी काय सांगायचं ते सांगितलं,
त्याच शब्दांत, माझ्याजवळ दुसरे नव्हते.
पहिल्या ओढीला काही नाही.
दुसरीला हँडलनं झटका दिला, तिचा हात सुटून वर उडाला
अख्खाच्या अख्खा,
ती त्याच्याकडे बघत राहिली, मीही.
तिसरीला गाडी खोकली, थांबली, मग चालूच राहिली.

हँडल तिनं परत अडकवलं नाही.
घाट उतरेपर्यंत मांडीवर होतं, गार पडलेलं.
आकडे मोजायचं ती विसरली होती.